शिबिरात बाबांचा पाय ०.७२ आणि आईचा १.४६, आता पॅकेज घ्यायचं काय?

पत्र:

मॅडम, आम्ही निपाणीजवळच्या खेड्यातले. गेल्या महिन्यात गावातल्या मंडळानं देवळाच्या हॉलमध्ये फ्री रक्तवाहिनी तपासणी शिबिर ठेवलेलं. बाबांचं वय ६६, सगळी नोकरी तंबाखूच्या वखारीत गेली, बिडी अजून चालूच हाय. त्यांना टेबलावर झोपवून हातापायाला पट्टे बांधले आणि उजवा पाय ०.७२, डावा ०.९५ असं लिहून दिलं, ब्लॉकेज हाय म्हणाले. आई ६१ ची, बरीच वर्षं शुगर आहे, गुडघ्यामुळं टेबलावर चढता येईना म्हणून तिला खुर्चीत बसवूनच केलं, तिचं १.४६ आलं. एकच्या वर म्हणजे एकदम बेस्ट म्हणाले. बाबांना दोन जोड घट्ट मोजे घ्यायला लावले. आता रोज फोन येतोय, मानेच्या नसांची डॉपलर, पायाची सीटी अँजिओ, सगळं मिळून पॅकेज, या आठवड्यात बुक केलं तर निम्म्यात. बाबा म्हणतात मला काय होत नाही, स्टँडपासून घरापर्यंत चालत येतो, मधे पानपट्टीवर थांबतो तेवढंच. पॅकेज घ्यायचं काय? आणि मंडळाची पोरं गणपतीत परत हेच शिबिर ठेवूया म्हणायलेत, ठेवू दे काय?

उत्तर:

दादा, आधी आईचं बोलूया. तुम्ही सगळे बाबांच्या ०.७२ कडं बघत बसलाय आणि आईचा कागद बेस्ट म्हणून घडी घालून कपाटात गेला असणार, पैज लावते. तो कागद बाहेर काढा. १.४६ म्हणजे बेस्ट नव्हे.

या टेस्टला एबीआय म्हणतात, गणित चौथीच्या पोराचं आहे. घोट्याजवळ मोजलेलं वरचं बीपी घ्यायचं आणि त्याला दंडातल्या वरच्या बीपीनं भागायचं. बाबांचं दंडात १५० असेल आणि उजव्या घोट्याजवळ १०८, तर झालं ०.७२. निरोगी माणसात घोट्याचा दाब दंडाइतकाच किंवा थोडा जास्त असतो, म्हणून १.०० ते १.४० नॉर्मल धरतात, ०.९१ ते ०.९९ काठावर, आणि ०.९० किंवा त्याच्या खाली आलं की पायाकडं जाणारी धमनी कुठंतरी अरुंद झाली समजायचं. पण १.४० च्या वर गेलं तर त्याचा अर्थ रक्त भरपूर येतंय असा होत नाही ओ, त्याचा अर्थ पट्टा फुगवूनसुद्धा धमनी दाबली गेली नाही. वर्षानुवर्षं शुगर असलेल्यांच्या, किडनीचा त्रास असलेल्यांच्या धमनीच्या भिंतीत कॅल्शियम साठून ती कडक होते, मग आत अरुंद असली तरी आकडा वरच दाखवतो. म्हणजे ज्या माणसाच्या पायाची सगळ्यात जास्त काळजी करायला पाहिजे त्यालाच मशीन शाबासकी देतं.

आता आईच्या बाबतीत अजून एक घोळ आहे, तिला खुर्चीत बसवून मोजलं. बसल्यावर घोटा हृदयाच्या बराच खाली जातो, मधल्या रक्ताचं वजन त्यात मिळतं आणि घोट्याचा आकडा ५०-६० नं सहज वाढतो. त्यामुळं १.४६ हा कडक धमनीचा आकडा आहे, का नुसता खुर्चीचा आहे, का दोन्ही, हे त्या कागदावरून देव पण सांगू शकत नाही. तो आकडा विसरा, परत मोजून घ्या, आडवं झोपवून, आधी पाच-दहा मिनिटं शांत पडू देऊन. गुडघ्यामुळं उंच टेबल जमत नसेल तर खालचा कॉट असतो की प्रत्येक दवाखान्यात, दोघांनी धरून झोपवायचं. झोपून पण १.४० च्या वर आलं तर पायाच्या अंगठ्याला छोटा पट्टा लावून अंगठ्याचा दाब मोजतात, अंगठ्याच्या रक्तवाहिन्या सहसा तेवढ्या कडक होत नाहीत म्हणून तो खरं बोलतो, त्याला दंडाच्या दाबानं भागून ०.७० च्या खाली आलं तर गडबड. ही सोय प्रत्येक ठिकाणी नसते, डायबेटिक फूटचं काम जिथं होतं किंवा व्हॅस्क्युलरचा, म्हणजे रक्तवाहिन्यांचा डॉक्टर जिथं बसतो तिथं विचारायचं.

आणि हे आकडे काही येऊ देत, शुगर असलेल्या माणसाचे पाय वर्षातून एकदा तरी कुणीतरी नीट बघायलाच पाहिजेत, आईचे कधी बघितलेत काय? मोनोफिलामेंट म्हणून नायलॉनचा जाड दोरा असतो, पेनासारख्या दांड्याला लावलेला. पेशंटला डोळे मिटायला सांगतात आणि दोऱ्याचं टोक तळव्याला टेकवून तो वाकेपर्यंत दाबतात, लागलं की हो म्हणायचं. दहा ग्रॅमचा जोर, एवढंच. ज्यांना ते कळत नाही त्यांच्या पायात खिळा गेला तरी कळणार नसतो, संध्याकाळी चप्पल काढल्यावर रक्त बघून कळतं. पायाला संवेदना नाही आणि रक्तही कमी, ही जोडगोळी पाय घालवते. तोपर्यंत आईला अनवाणी फिरू देऊ नका, परड्यात सुद्धा नको, उसाच्या खोडक्यात तर नाहीच. रात्री झोपताना तळवे आणि बोटांच्या बेचक्या कुणीतरी बघायच्या. कुरूप झालं तर ब्लेडनं कापायचं नाही, आणि गरम पाण्यात पाय बुडवून बसायची सवय असेल तर ती बंद, पाणी किती गरम आहे हे तिच्या पायाला कळत नसेल तर भाजून फोड येतो आणि तिथून सुरू होतं.

आता बाबा.

"मला काय होत नाही, मधे पानपट्टीवर थांबतो तेवढंच." दादा, तुमच्या पत्रातली ही ओळ मी दोनदा वाचली. त्यांना आजच विचारा की पानपट्टीवर का थांबता. गप्पा मारायला, का पोटरी भरून येते म्हणून? पायाच्या धमनीचा त्रास असलेली माणसं असंच करतात, ठराविक अंतर चाललं की पोटरी आवळून येते, पिळवटते, दोन-चार मिनिटं नुसतं उभं राहिलं की जाते, परत तेवढंच अंतर चाललं की परत येते. चढ असला, घाईत असलं, की आधीच येते. माणूस हळूहळू आपली थांबायची ठिकाणं ठरवून टाकतो आणि घरच्यांना वाटतं काय बोलघेवडा माणूस. बाबांच्या बाबतीत थांबायची जागा पण बिडी मिळायची, म्हणजे पाय दुखतो बिडीनं, थांबायचं पानपट्टीवर, आणि पेटवायची परत बिडीच. रक्त येत नाही म्हणून पाय थांबवतोय आणि आपण अजून आवळतोय.

इथं एक गोष्ट लक्षात घ्या, कमरेची नस दबली तरी चालताना पाय दुखतो आणि आपल्याकडं पायाला काही झालं की पहिल्यांदा नस दबली म्हणूनच मोकळे होतात. फरक साधा आहे. कमरेचं दुखणं असेल तर नुसतं उभं राहून थांबत नाही, खाली बसावं लागतं नाहीतर पुढं वाकावं लागतं. धमनीचं असेल तर उभ्या उभ्याच जातं. हे बाबांनी नाही, तुम्ही बघायचं, एक दिवस त्यांच्याबरोबर स्टँडपासून चालत या आणि गप्प बघा कुठं थांबतात, कसे थांबतात, किती वेळ. डॉक्टरला त्या शिबिराच्या कागदापेक्षा ह्याचा जास्त उपयोग होतो, खरंच सांगते.

पायाची नाडी पण बघायला शिका, फुकट आहे. एक पावलाच्या वरच्या बाजूला, अंगठा आणि त्याच्या शेजारच्या बोटाच्या मधून सरळ वर येत मधोमध. दुसरी आतल्या घोट्याच्या हाडाच्या मागं, थोडी खाली. दोन बोटं हलकी ठेवायची, जोरात दाबलं तर नाडी गायब होते. वरची नाडी काही निरोगी लोकांना पण जन्मापासून लागत नाही, म्हणून घोट्यामागची महत्त्वाची. दोन्ही पायांत फरक वाटला, एक पाय गार, कातडी चकचकीत, नडगीवरचे केस गेलेले, नखं जाड, असं काही दिसलं तर लिहून ठेवा.

ते मोजे. ते आजपासून काढून ठेवा. घट्ट मोजे शिरा फुगलेल्या असतात त्यांच्यासाठी, म्हणजे पायातून वर जाणारं रक्त खाली साठतं तेव्हा दाब देऊन वर ढकलायला. बाबांचा प्रॉब्लेम उलटा आहे, वरून खाली येणारं रक्तच कमी आहे, पाटाचं पाणी शेवटच्या सरीला पोचेना अशी गत, आणि वरून आपण बांध घालायचा? एबीआय कमी असलेल्या पायाला डॉक्टरनं स्वतः बघून सांगितल्याशिवाय असा दाब द्यायचा नसतो, कातडी मरते. एका हातानं ब्लॉकेज लिहून देणारा आणि दुसऱ्या हातानं ते मोजे विकणारा माणूस रक्तवाहिन्यांबद्दल किती जाणतो हे तुम्हीच ठरवा. पावती असेल तर पैसे परत मागा, लाजू नका.

म्हणून पॅकेजचं माझं उत्तर नाही असं आहे. नाही म्हणजे तपासणीच करू नका असं नव्हे. क्रम चुकलाय.

पहिलं काम, जवळच्या एमडी मेडिसिनवाल्याकडं किंवा सरकारी दवाखान्यात, निपाणीचा तालुका दवाखाना, चिक्कोडी, नाहीतर सरळ बेळगावला बिम्सच्या सिव्हिलला, जिथं जमेल तिथं दोघांना घेऊन जा. बीपी दोन्ही दंडांचं मोजायचं. शुगर आणि तीन महिन्यांची सरासरी, कोलेस्टेरॉल, किडनीसाठी क्रिएटिनिन, एक ईसीजी. बाबांचा एबीआय परत, नीट पद्धतीनं, म्हणजे पेन्सिलसारखा डॉपलर प्रोब असतो त्याला जेल लावून, पावलावरची आणि घोट्यामागची दोन्ही नाड्यांचा दाब घेऊन. हात दोन्ही, पाय दोन्ही. घाईघाईत एका हातावर काम भागवलेलं असतं बऱ्याच शिबिरात, ते चालत नाही. आणि मोजायच्या आधी निदान दोन तास बिडी नाही. डावा ०.९५ काठावर आहे, तो पण कळेल. गरज वाटली तर डॉक्टर पायाच्या धमन्यांची साधी कलर डॉपलर सांगतील, ती सोनोग्राफीच असते, त्यात इंजेक्शन नाही.

सीटी अँजिओ आत्ता कशाला? त्यात शिरेतून डाय सोडतात, किडनी कमजोर असलेल्यांना त्याचा त्रास होऊ शकतो, आणि तो फोटो लागतो कधी, तर फुगा घालायचा किंवा बायपास करायची असं ठरत असेल तेव्हा, कुठं किती अडलंय हे बघायला. नुसत्या ०.७२ वर, माणूस चालतोय फिरतोय, जखम नाही, रात्री दुखत नाही, तर पहिल्यांदा गोळ्या, चालणं आणि बिडी बंद, हेच असतं. पोटरी दुखणाऱ्या बहुतेकांचा पाय जात नाही, हे बाबांना सांगा, कारण ब्लॉकेज शब्द ऐकला की माणसं पाय कापणार म्हणून घाबरतात आणि मग एकतर काहीच करत नाहीत नाहीतर भेटेल ते पॅकेज घेतात. खरा धोका वर आहे. पायाच्या धमनीत साठलंय म्हणजे हृदयाच्या आणि मेंदूच्या धमनीत पण साठत असण्याचा संभव मोठा, म्हणून कोलेस्टेरॉलची गोळी आणि रक्त पातळ ठेवणारी गोळी चालू करतात, त्या पायापेक्षा हार्ट अटॅक आणि स्ट्रोक टाळायला जास्त. डोस डॉक्टर ठरवतील. एक मात्र, कोलेस्टेरॉल नॉर्मल आलं मग गोळी कशाला असं म्हणून कुणी मेडिकलवाला बंद करायला सांगेल, त्याचं ऐकू नका, धमनीचा आजार ठरला की ती गोळी रिपोर्ट कसाही असला तरी लागते. जनऔषधीत स्वस्तात मिळतात दोन्ही.

मानेच्या नसांची डॉपलर, म्हणजे मेंदूकडं जाणाऱ्या मानेतल्या धमन्यांची सोनोग्राफी, त्यावर लोक फार भुलतात कारण स्ट्रोकची भीती सगळ्यांनाच. पण कसलीच लक्षणं नसलेल्या माणसाची मान सरसकट तपासू नका असं अमेरिकेच्या सरकारी तज्ज्ञ समितीनं २०२१ ला परत सांगितलंय, कारण सोनोग्राफीत खोटे अलार्म येतात, मग पुढची टेस्ट, मग कुणाला तरी ऑपरेशन, आणि त्या ऑपरेशनमधेच स्ट्रोक व्हायचा धोका असतो, म्हणजे ज्याला भिऊन गेलो तेच पैसे देऊन घेतलं. लक्षणं असली तर गोष्ट पूर्ण वेगळी. तोंड वाकडं होणं, एक हात लुळा पडणं, बोबडी वळणं, एका डोळ्यावर पडदा आल्यासारखं होणं, दहा मिनिटांत बरं झालं तरी त्याच दिवशी हॉस्पिटल, पॅकेजची वाट बघायची नाही.

पॅकेजमध्ये जे नव्हतं ते मी सांगते, बघा गंमत. बाबांचं वय ६६ आणि बिडी. ६५ ते ७५ वयाच्या, आयुष्यात कधीही धूम्रपान केलेल्या पुरुषांनी पोटातली मोठी धमनी एकदा सोनोग्राफीत बघून घ्यावी असं तीच समिती सांगते. ती फुगत जाऊन फुटली तर माणूस हाताला लागत नाही. तीन सेंटिमीटरच्या वर असली तर फुगलेली म्हणतात, लक्ष ठेवतात, पुरुषांत साडेपाचच्या आसपास गेली की ऑपरेशनचा विचार होतो. साधी पोटाची सोनोग्राफी, चिठ्ठीवर डॉक्टरला ती धमनी मोजा असं लिहून द्यायला सांगायचं, नाहीतर सोनोग्राफीवाला पित्ताशय आणि प्रोस्टेट बघून सोडून देतो.

चालण्याबद्दल. आपल्याकडं पाय दुखतोय तर बसा, आराम करा, असं सगळी सांगतात, पाहुणे तर आल्या आल्या सांगतात. इथं नेमकं उलटं करायचं. दुखेपर्यंत चालायचं, बऱ्यापैकी दुखलं की थांबायचं, गेलं की परत चालायचं, असं थांबत थांबत ३०-४५ मिनिटं, आठवड्यातून निदान तीन वेळा, तीन महिने. आजूबाजूच्या बारीक वाटांनी रक्त जायला लागतं, स्नायू मिळालेलं रक्त नीट वापरायला शिकतो, आणि चालायचं अंतर खरंच वाढतं. छातीत दुखत असेल, दम लागत असेल, किंवा पायाला जखम असेल तर आधी डॉक्टरला विचारून. आणि चालायचा रस्ता पानपट्टीवरून नको, मराठी शाळेकडं जाऊ दे म्हणावं.

बिडीचं मी हळू आवाजात लिहिते कारण निपाणीच्या माणसाला तंबाखूवर लेक्चर देणं म्हणजे काय ते मला माहीत आहे. तिथं तंबाखू हे नुसतं व्यसन नाही, घरं त्यावर उभी राहिली, १९८१ चं तंबाखू शेतकऱ्यांचं आंदोलन बाबांनी डोळ्यांनी बघितलं असणार, घरोघरच्या बायकांनी बिड्या वळून पोरं शिकवली. तो सगळा मान ठेवूनच सांगते, पायाच्या धमनीला तंबाखूइतकं वाईट दुसरं काही नाही, आणि कमी करून भागत नाही, बंदच करावी लागते. बिडीच्या जागी तंबाखू-चुना किंवा मिश्री पण नाही, निकोटीन तिथूनही जातंच. त्यांच्यावर ओरडू नका, पोरानं ओरडलं की बाप परसात जाऊन ओढतो. १८०० ११२ ३५६ हा सरकारी फ्री नंबर आहे तंबाखू सोडवायला, फोनवर समजावतात. निकोटीनच्या गोळ्या, च्युइंगगम डॉक्टरांना विचारून मिळतात. गावात पस्तीस-चाळीसचा कुणी बिडी ओढणारा असेल आणि त्याची पायाची किंवा हाताची बोटं काळीनिळी पडायलीत, रात्री झोप लागत नाही दुखून, तर त्यालाही दाखवायला सांगा. बर्जर म्हणून आजार आहे तो तंबाखूवाल्या तरुणांनाच होतो, बारीक धमन्या बंद होत जातात, आणि त्यात तंबाखू सोडली तर बोटं वाचतात, ओढत राहिली तर एकेक जातात.

घाई कधी करायची ते पण लिहून ठेवा. रात्री पाय दुखतो म्हणून बाबा कॉटवरून पाय खाली सोडून बसतात असं दिसलं, बोट काळं पडलं, किंवा जखम दोन आठवड्यांत भरेना, तर त्याच आठवड्यात व्हॅस्क्युलर सर्जन. आणि पाय अचानक गार, पांढरा, बधिर झाला, हलवता येईना, तर सकाळपर्यंत थांबायचं नाही, १०८ ला फोन, तासांचा हिशेब असतो, सहा तासांपुढं गेलं की पाय वाचवणं अवघड होत जातं. शेक देत बसायचं नाही, तेल लावून चोळायचं नाही.

पैशाचं. बीपीएल रेशन कार्ड असेल तर आयुष्मान भारत आरोग्य कर्नाटकमध्ये कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत मिळतं, पण इमर्जन्सी नसेल तर सरकारी दवाखान्याची रेफर चिठ्ठी लागते, म्हणून पण सुरुवात सरकारीतनं करा म्हणते. चिठ्ठी कन्नडात असते, बाबांना वाचता येत नसेल तर आशाताईकडून वाचून घ्या, नाहीतर नुसतं खिशात घालून आणतात. तुमच्याकडची बरीच माणसं कोल्हापूर-मिरजेला जातात. महाराष्ट्र सरकारनं २०२३ ला सीमाभागातल्या ८६५ गावांना महात्मा फुले योजना द्यायचं ठरवलं आणि त्यावरून दोन्हीकडं किती तापलं ते तुम्हाला सांगायला नको. पलीकडं जाणार असाल तर ॲडमिट व्हायच्या आधी तिथल्या हॉस्पिटलच्या आरोग्यमित्राला कागद दाखवून विचारून घ्या, बिल हातात आल्यावर नाही.

आता मंडळाची पोरं. त्यांना नाराज करू नका, शिबिर ठेवू दे की, पण हे नको.

असं सगळ्यांना बोलावून तपासल्यानं माणसं जास्त जगतात काय हे डेन्मार्कमध्ये हजारो पुरुषांवर बघितलंय, ६५ ते ७४ वयाच्या. २०१७ ला आलेल्या अभ्यासात पोटाची धमनी, पायाचा एबीआय आणि बीपी तपासलेल्यांत पाच वर्षांत मृत्यू थोडे कमी झाले, सात टक्क्यांनी. २०२२ च्या दुसऱ्या अभ्यासात अजून भारी तपासण्या, सीटी वगैरे केल्या, तर ठळक फरक दिसला नाही. आणि जिथं फरक दिसला तिथं पण शिबिर करून तंबू गुंडाळलेला नव्हता, ज्याच्यात सापडलं त्याची परत खात्री केली, गोळ्या सुरू केल्या, पुढं बघत राहिले. कसलाच त्रास नसलेल्या सगळ्यांचा एबीआय काढावा काय, यावर तर अमेरिकेची समिती पण पुरेसा पुरावा नाही म्हणून थांबलीय.

म्हणून पोरांना सांगा, मशीनवाल्या कंपनीला बोलावण्यापेक्षा पीएचसीच्या डॉक्टरला विनंतीपत्र द्या. तीस वर्षांवरच्यांचं बीपी, शुगर, तोंडाची तपासणी हे सरकारच्या कार्यक्रमात आहेच, आशाताई फॉर्म भरतात, त्यांना हॉल, पंखा, चहा आणि गर्दी पाहिजे असते, ती मंडळ देऊ शकतं. शुगर असलेल्यांचे पाय बघायला एक वेगळं टेबल, तो नायलॉनचा दोरा आणि पडदा, बायका हॉलमध्ये सगळ्यांसमोर पाय दाखवत नाहीत. एबीआय करायचाच असेल तर पन्नाशी ओलांडलेले तंबाखूवाले, शुगरवाले, आणि चालताना पोटरी दुखणारे, एवढ्यांचाच, झोपवून. सकाळी दहाला दोनशे माणसांची लाईन आणि एक टेबल असेल तर कुणाला दहा मिनिटं झोपवणार? मग खुर्चीत बसवतात, आईचं झालं तसं.

आणि तीन गोष्टींना दारातच नाही म्हणायचं. हातात सळई धरायला देऊन चाळीस पानांचा रिपोर्ट काढणारं ते क्वांटम मशीन, त्यात लिव्हरपासून रक्ताभिसरणापर्यंत सगळं छापून येतं आणि त्यातलं काहीच मोजलेलं नसतं. पायाखाली थरथरणारं मशीन, आठवडाभर फुकट बसवून मग विकतात, त्यानं धमनीतलं काही सुटत नाही आणि आईसारख्या बधिर पायाला उगाच धोका. आणि हॉलमध्ये काहीही विकणारा माणूस, मोजे, पावडर, पॅकेज, काहीही. मंडळाच्या बॅनरवर गणपतीचा फोटो असतो म्हणून माणसं विश्वासानं पैसे काढतात, ते मंडळाच्या पोरांना कळलं पाहिजे.

एक वही मात्र पाहिजेच, नाव, आकडा, कुठं पाठवलं, आणि दिवाळीनंतर दोन पोरांनी घरोघर जाऊन विचारायचं, गेला होतास काय. मागच्या शिबिराची यादी मंडळाकडं असेल तर गणपतीची वाट न बघता आत्ताच काढा, तुमच्या आईसारख्या किती जणींना खुर्चीत बसवून बेस्ट म्हणून घरी पाठवलंय ते बघा आणि शुगर असलेल्यांना आधी निरोप द्या. पॅकेजवाल्याचा फोन आला तर सांगा, आमच्या डॉक्टरांनी लिहून दिलं तर करू. तरी रोज फोन आला तर नंबर ब्लॉक करा.